हा भाग झालाच नाही

काल संध्याकाळी माझी नात जेवायला बसली नाही. कारण काय, तर ती मोबाइलवर बघते त्या मालिकेतल्या मुलीचं लग्न लेखकानं भलत्याच मुलाशी लावून दिलं. नात आणि तिच्या मैत्रिणींनी (यातल्या निम्म्या तिनं डोळ्यांनी पाहिलेल्याही नाहीत) मिळून ठरवलंय, की हे लग्न धरायचं नाही. "आम्ही हा सीझन मानतच नाही, आजी. आमच्यासाठी ती आणि तो पहिलाच." मी म्हटलं, अगं, पण दाखवलंय ना तसं? त्यावर ती म्हणाली, "तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं. तुझा बाप जन्मायच्या आधी सुरतेच्या कतारगामात एक बाई छापून आलेली लग्नं मोडत होती, आणि तिला ती वाचून दाखवणारी मी होते. बस इथं. ताट राहू दे समोर.

एकोणीसशे साठ ते सत्तर यांच्या मधली वर्षं. खाली मागांचं खातं, वर आमच्या खोल्या. कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात हे कळायलाच मला महिना लागला, कारण मी नाशिकची. मॅट्रिक पास. दोन वेण्या, नाकात बोलणं आणि जगातल्या सगळ्यांचं मराठी सुधारायची जबाबदारी माझ्यावर आहे अशी पक्की समजूत. नवरा मिलच्या ऑफिसात कारकून. बाकीची सगळी बिर्‍हाडं खानदेशातली, घरात अहिराणी बोलणारी. मी त्यांना "तसं नाही म्हणत, असं म्हणतात" असं सांगत फिरायची. कुणी मला तापीत कसं ढकललं नाही, याचं आज नवल वाटतं.

ती लग्नं मोडणारी बाई गच्चीवरच्या खोलीत राहायची, म्हणून तिला सगळे 'वरची' म्हणत. खरं कारण वेगळं होतं. ती ज्याच्याबरोबर राहायची ते जिभाऊ, चाळीतल्या सगळ्यांचे थोरले भाऊ. मग ती वहिनी व्हायला हवी. पण जिभाऊंची लग्नाची बायको आणि मुलगी अमळनेरकडच्या गावी होती, आणि ही नुसतीच त्यांच्याबरोबर सुरतेला निघून आली होती. हे मी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकीनं मला बाजूला घेऊन आपण होऊन सांगितलं. तेव्हा वहिनी म्हणायचं नाही. मावशी म्हणावं तर हिला बहीण कोण करून घेणार? म्हणून वरची. बारा बिर्‍हाडं तिला हाक मारताना जणू पत्ता सांगत.

ती उंच, हाडापेरानं मोठी, आणि सकाळी उठल्यापासून रागावलेली. कॅलेंडरवरच्या हसर्‍या बायकांवर ती रागवायची ("हिले काय व्हयनं हसाले?"). एकदा गणपतीत मंडपापुढं पडद्यावर सिनेमा लावला होता. त्यातली बाई नवर्‍याच्या सुखासाठी घर सोडून निघाली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. ही उठली आणि कमरेवर हात ठेवून यंत्राच्या उजेडात उभी राहिली. तिची सावली पडद्यावर एवढी पडली, की हिरो झाकला गेला. "चाल माय, घर चाल," ती पडद्यावरच्या बाईला म्हणाली, "याना नादे लागू नको." चौघांनी धरून बसवलं. बसली, पण सिनेमा संपेपर्यंत पाठ फिरवून.

वाचनाची गोष्ट अशी. चाळीतल्या बायका घरबसल्या कांड्या भरायच्या. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी, ती रहाटावर भरावी लागे. दुपारी चार-पाच जणी आपापले रहाट घेऊन गच्चीवर तिच्या खोलीत जमायच्या, कारण तिथं वारा होता आणि तिथं साप्ताहिक होतं. मुंबईहून येणारं मराठी साप्ताहिक. जिभाऊ पहिली पाळी संपली की आधी स्टेशनवर जायचे, ते घ्यायचे आणि मग घरी यायचे. तिला वाचता येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं. चित्र बघून दुकानदाराला विचारून आणायचे, आणि एक शब्द न बोलता तिच्या मांडीवर ठेवून आंघोळीला जायचे. जिभाऊ एकंदरीतच बोलत नसत. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं एक तर ओरडतात, नाहीतर बोलणं सोडून देतात.

वाचायची मी. खाली माग चालू असत, त्यामुळं सगळं ओरडून वाचावं लागे. "तुमच्याविना मला क्षणभरही करमत नाही" हे वाक्य मी बेंबीच्या देठापासून किंचाळायची. गल्लीतून जाणार्‍यांना वाटे, वर रोज दुपारी मारामारी चालते. तसं काही चूक नव्हतं ते.

साप्ताहिकात एक कादंबरी भागाभागानं येत होती. वसुधा नावाची मुलगी. तिच्यावर जीव टाकणारा दवाखान्यातला गरीब कंपाउंडर, दिगंबर. आणि तिला मागणी घालणारा श्रीमंत वकील. आता लेखकानं काय करावं? वर्ष निम्मं सरल्यावर त्यानं वसुधाचं लग्न वकिलाशी लावून दिलं, सनई-चौघड्यासकट. मी तो भाग शेवटपर्यंत ओरडून वाचला. संपवून वर पाहिलं, तर वरचीनं रहाट थांबवला होता.

"हाऊ भाग व्हयनाच नही," ती म्हणाली. हा भाग झालाच नाही.

माझ्या हातून साप्ताहिक घेतलं, चार घड्या घातल्या आणि तिच्या रहाटाचा एक पाय डगमगायचा त्याच्याखाली सारला.

मी उसळले. म्हटलं, असं कसं, छापलंय ना! लेखकानं लिहिलं म्हणजे ते झालं. ती कादंबरी त्याची आहे. तेव्हा मला लेखक म्हणजे कचेरीतला रजिस्ट्रारच वाटायचा. त्यानं शिक्का मारला की माणसं नवरा-बायको.

"त्याले काय समजस?" ती म्हणाली. "तू सांग, वकिलाच्या घरी ती जेवनी का?"

"कोण?"

"वसुधा. लगीन लागलं, पंगत बसली, वकील बसला शेजारी. ती जेवनी का?"

मी पुन्हा पान काढून पाहिलं. वसुधेनं 'घास नुसता चिवडला' असं होतं.

"आन कंपाउंडरपुढे?"

हे मात्र सगळ्यांना आठवत होतं. तिसर्‍या-चौथ्या भागात, पावसात दवाखान्यात अडकलेली वसुधा दिगंबरच्या डब्यातल्या दोन भाकरी आणि ठेचा खाते आणि वर त्याच्या वाटणीची तिसरीही खाते. लेखकानं गंमत म्हणून घातलं असावं. वरचीनं ते मनाशी बांधून ठेवलं होतं.

"ज्यानापुढे बाई पोटभर जेवस, तो तिना," ती म्हणाली. ज्याच्यासमोर बाई पोटभर जेवते, तो तिचा. बाकीचं तिच्या लेखी बँडवाल्यांचं पोट भरायला होतं.

मी हसले. प्रेमाची कसोटी जेवण? माझ्या डोक्यात चंद्र, पत्र, त्याग असलं काहीबाही भरलेलं. आणि स्वतःच्या घरी मी नवर्‍याचं पान उठल्यावर, भिंतीकडं तोंड करून, उरलेलं जेवत होते. ते मला दिसतही नव्हतं. मॅट्रिक पास ना.

तिच्या घरी मात्र दार उघडं ठेवून दोघं समोरासमोर जेवायला बसत. दोन ताटं, मधे भाकरीची टोपली. ती मोठमोठे घास घ्यायची, बोटं चाटायची, त्यांच्या ताटातला कांदा उचलायची. चाळीला तिचं लग्न न होणं एकवेळ चालत होतं, पण हे जेवण चालत नव्हतं. "लाज कशी नाही वाटत," असं म्हणायला बायका मुद्दाम जिन्यावरून वाकून बघत.

त्या दिवसापासून कादंबर्‍या दोन झाल्या. एक लेखकाची, एक गच्चीवरची. वाचताना 'नवरा' शब्द आला की ती म्हणे, "नवरा म्हनू नको. वकील म्हन." मी चिडून 'नवरा' वाचायची. ती रहाट थांबवायची. मग बाकीच्या ओरडायच्या, "म्हण ना बाई वकील, कांड्या राहिल्या." मी दात-ओठ खाऊन वकील म्हणायची. वसुधा वकिलासमोर हसली, की तो भाग झाला नाही. तिनं त्याच्यासाठी स्वेटर विणला, झाला नाही. रहाटाच्या त्या पायाखाली इतके भाग जमले, की रहाट आता दुसर्‍या बाजूला कलायला लागला.

हे सगळ्यांना मनापासून पटलं, ही खरी मजा. सगळ्यांत जास्त पटलं जॉबरीणबाईंना. त्यांचा नवरा खात्यातला जॉबर, मागवाल्यांवरचा मुकादम, म्हणून चाळीत शब्द त्यांचा. त्या कंपाउंडरसाठी हुंदके देऊन रडत. संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्यांनीच टूम काढली, की आता वसुधाच्या वतीनं नाव घ्यायचं. नाव घेतलं, की लग्न लागलं. आणि सगळ्यांपुढं पदर सावरून त्यांनी घेतलं:

"बाटलीला बूच, बुचाला दोरा,
दिगंबररावांचं नाव घेते, वकील राहिला कोरा."

बायका हसून लोळल्या. ठरलं. वसुधा दिगंबरची. लेखक काही का लिहीना.

फक्त त्या हळदीकुंकवाला वरचीला बोलावणं नव्हतं. तिच्या खोलीत, तिच्या साप्ताहिकातून, तिनं लावून दिलेली जोडी. त्या जोडीचं नाव घ्यायला खाली सगळ्या सवाष्णी बसलेल्या, आणि ती वर एकटी रहाट फिरवत होती. तिळगूळ मी नेऊन दिला. तिनं विचारलं, "नाव कोनी घेतलं?" मी उखाणा म्हणून दाखवला. ती खूश झाली. तेवढ्यावर खूश झाली, याचाच मला आज संताप येतो.

पुढच्या उन्हाळ्यात जिभाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा भेस्तानात कामाला, त्याचे सगळे नातेवाईक इकडंच, म्हणून लग्न सुरतेला, आमच्या चाळीच्या मैदानात. वरचीनं पापड लाटले, शेवया केल्या, मुलीसाठी लुगडी बाजूला ठेवलेलीच होती. खोली मुलीला आणि तिच्या आईला दिली आणि स्वतः माझ्याकडं झोपायला आली. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, तेही भांडण उकरून काढावं तसं:

"हळद लावायला माले बोलवतीन का?"

"न बोलवायला काय झालं? कोण नाही म्हणेल?"

"नही, इचारं आपलं." मग थोड्या वेळानं, "एक बोट लाविन. जास्त नही."

तिला एवढंच हवं होतं. एक बोट हळद.

हळदीच्या सकाळी मुलगी पाटावर बसली. जॉबरीणबाई मंडपात उभ्या राहून म्हणाल्या, "चला, सवाष्णींनी पुढं या." वरची हात धुऊन, नवं लुगडं नेसून, पुढं आली. जॉबरीणबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पोळ्यांकडं बघा बरं. तिथं कुणी नाही."

जिभाऊ चार हातांवर मंडपाच्या खांबाला दोरी आवळत होते. त्यांनी ऐकलं. हात थांबले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी दोरीला आणखी एक गाठ मारली.

मी मात्र बोलले. मी चांगलं भाषणच सुरू केलं. "ज्या स्त्रीनं या विवाहाकरिता अहोरात्र" असं काहीतरी. एकीकडं माग, दुसरीकडं ताशा, आणि माझं नाकातलं शुद्ध मराठी. माझं पहिलं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत हळद लावून झाली होती. एक बाई मला म्हणाली, "ताई, ओवाळणीचं ताट तेवढं धरा." आणि मी धरलं, शुंभासारखं.

यात मला राग कुणाचा येतो सांगू? वसुधासाठी पदर भिजवणार्‍या त्याच ह्या. छापलेलं लग्न खोटं आणि न लागलेलं खरं, असं टाळ्या वाजवून ठरवणार्‍या. कागदावरच्या बाईला सगळी सूट. कारण तिला आपल्या हळदीच्या वाटीत बोट घालायचं नसतं.

दुसर्‍या दिवशी लग्न लागलं. पंगतीत मुलीच्या आईबापांना शेजारी बसवलं. बायकांनी आग्रह धरला, नाव घ्या. मुलीची आई वाळलेली, अबोल बाई, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. तिनं नाव घेतलं. यमक बरोबर, आवाज बरोबर, टाळ्या पडल्या. जिभाऊ खाली मान घालून जेवायला लागले. आणि स्वयंपाकाच्या दारातून, कणकेचे हात तसेच ठेवून, वरचीनं मोठ्यानं विचारलं:

"जेवनी का ती?"

नेमके त्याच वेळी माग बंद होते, लग्नासाठी शेठनं खात्याला सुट्टी दिली होती. त्यामुळं ते सगळ्या मंडपानं ऐकलं. गच्चीवर बसणार्‍या बायकांना तर त्याचा अर्थ पाठ होता. एकीनंही वर बघितलं नाही. मुलीच्या आईच्या पानावर वाढलेलं सगळं तसंच होतं. लाडूसुद्धा फुटला नव्हता.

"गप्प बसा हो," जॉबरीणबाई म्हणाल्या.

मुलीच्या आईनं पदर जरा वर केला आणि वरचीकडं पाहिलं. "नही जेवनू," ती म्हणाली. नाही जेवले. बस, एवढंच.

वरची पंगतीत आली, तिच्या पुढ्यातलं पान उचललं आणि म्हणाली, "चाल. आतमा चाल." आणि ती बाई उठली. भरल्या पंगतीतून, नवर्‍याच्या शेजारून उठून हिच्यामागं स्वयंपाकात गेली. मी वाढायचं भांडं घ्यायच्या निमित्तानं आत डोकावले. दोघी चुलीपाशी समोरासमोर बसल्या होत्या. मुलीची आई जेवत होती. घाईनं, तोंड भरून, मधूनच हातानं नाक पुसत. वरची तिला पोळ्यांमागून पोळ्या वाढत होती आणि शिव्या घालत होती, कुणाला ते कळलं नाही. बहुतेक आम्हां सगळ्यांनाच.

वरचीच्या नियमानं बघायचं, तर त्या मंडपात एकच जोडी खरी ठरत होती, आणि ती या दोघींची होती.

पाहुणे गेले. वरची आपल्या खोलीत परतली. जिभाऊंनी पहिल्यासारखी दोन ताटं मांडली, मधे भाकरीची टोपली ठेवली. ती म्हणाली, "तुम्ही घ्या." ते जेवेपर्यंत रहाट फिरवत बसली. ते उठल्यावर आपलं ताट घेऊन आत गेली, भिंतीकडं तोंड करून जेवली. दुसर्‍या दिवशी तेच. तिसर्‍या दिवशी तेच. भांडण नाही, आवाज नाही. आयुष्यभर आरडाओरडा केलेल्या बाईनं एवढी एकच गोष्ट न बोलता केली. जिन्यावरून वाकून बघणार्‍या बायका आता म्हणायला लागल्या, "बघा, शेवटी आलं वळण." मला त्या जिन्यावरून एकेकीला खाली सोडून द्यावंसं वाटलं.

मग कादंबरीचा शेवटचा भाग आला. जिभाऊंनी आणला, तिच्या मांडीवर ठेवला. ते आंघोळीला गेले नाहीत, दारातच उभे राहिले. सगळ्या जमल्या होत्या. मी ओरडत वाचायला सुरुवात केली. वकील मेला. (माणूस अडचणीचा झाला की लेखक त्याला मारून टाकतात, तेवढं त्यांना जमतं.) वसुधा दवाखान्यात आली. दिगंबरचे केस पांढरे झालेले. त्यानं डबा उघडला, आणि लेखकानं, देव त्याचं भलं करो, लिहिलं होतं: 'ती जेवली. कितीतरी वर्षांनी पोटभर जेवली.'

गच्चीवर एकच कल्ला. "जेवली, जेवली!" जॉबरीणबाई तर रडत रडत वरचीच्या गळ्यात पडायला निघाल्या. "तुमचंच खरं झालं हो. छापून आलं."

वरचीनं त्यांचा हात बाजूला केला. रहाट थांबवला.

"हाऊ भाग व्हयनाच नही," ती म्हणाली.

"अहो, असं काय करता? हेच तर तुम्हाला हवं होतं."

"तुम्हले कोनी इचारं?" तिनं एकेकीकडं बघितलं, मग दाराकडं. "कोनी मानाले पाहिजे नही आते. ना तुम्ही, ना तो लेखक." आता कुणी मानायला नको. दारातल्या माणसाचं तिनं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

जॉबरीणबाई माझ्याकडं वळल्या. त्यांना माहीत होतं, माझ्यावर भरवसा ठेवता येतो. "तुम्ही सांगा ताई. तुम्ही शिकलेल्या. छापलंय ना?"

माझ्या हातात ते पान होतं. 'ती जेवली.' ठसठशीत. आयुष्यात पहिल्यांदा लेखक वरचीच्या बाजूला आला होता, आणि मला खूश व्हायला काही हरकत नव्हती. मी त्याला चार घड्या घातल्या आणि ते तिच्या रहाटाच्या पायाखाली सारलं.

"नाही," मी म्हटलं. "असं काही छापलेलं नाही."

त्यानंतर गच्चीवर वाचन झालं नाही. आमची बदली झाली, आम्ही सुरत सोडली.

नात मधेच म्हणाली, "मग? ती त्यांच्यासमोर परत जेवली का?"

"मी पाहिलं नाही."

"जेवली असणार. ते दारात उभे होते ना? म्हणजे त्यांना कळलं होतं. त्यांनी नंतर तिची माफी मागितली असणार, सगळ्यांसमोर, आणि मग ती जेवली. माझ्यासाठी तेच खरं." एवढं बोलता बोलता तिनं ताट ओढलं आणि माझ्यासमोर बसून भराभरा जेवायला लागली.

मी तिला आणखी एक पोळी वाढली आणि म्हटलं, तो भाग झालेला नाही.